ना अध्यात, ना मध्यात

(बी. कॉम., तृतीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पौर्णिमेचा चंद्र दाखवला तरी तो त्याचा भाव विचारील, अशी आमच्या कला शाखेच्या मित्रांची लाडकी तक्रार आहे. ती अगदीच खोटी नाही. आकाशात विमान दिसले की त्यांना पक्षी आठवतो, विरह आठवतो, निदान एखादी ओळ तरी सुचते. मला मात्र त्या विमानात आसने किती असतील, त्यांतली भरलेली किती आणि रिकाम्या आसनांचे भाडे शेवटी कोण भरत असेल, असले अरसिक प्रश्न पडतात. पण वाचकहो, हे प्रश्न मला कुठल्या क्रमिक पुस्तकाने शिकवले नाहीत. ते शिकवले माझ्या आजीच्या गुडघ्यांनी.

आमचे गाव निपाणी. उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापूर, दक्षिणेला पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव, आणि मधून धावणारा महामार्ग. मराठी शाळेत असताना विमान ही आमच्या लेखी निबंधात बसण्याची वस्तू होती. बेळगावजवळच्या सांबऱ्याला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली बांधलेला विमानतळ आहे, तेथे हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, एवढे सामान्यज्ञान होते. सप्टेंबर २०१७ मध्ये तेथे प्रवाशांसाठी नवी इमारत उभी राहिली, धावपट्टी २३०० मीटरची झाली, तेव्हाही आमच्या घरात त्याचे कोणाला विशेष वाटले नाही. विमान हे 'त्यांचे', येष्टी ही 'आपली', अशी आमची सरळ वाटणी होती.

पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि त्या सुट्टीत आजीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मुंबईत करायचे ठरले. काका डोंबिवलीला असतात. प्रश्न होता तिला न्यायचे कसे. रात्रीच्या बसने नऊ-दहा तास. आजीने स्पष्टच सांगितले, "रातभर गुडघा मुडपून बसायचं म्हंजे आप्रेशनाआधीच आप्रेशन." वडिलांचे किराणा दुकान आहे. त्यांनी बसचे भाडे, विमानाचे भाडे आणि सांबऱ्यापर्यंतच्या गाडीचे भाडे वहीवर मांडले, थोडा वेळ पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाले, "बसनं गेल्यावर तिला दोन दिस आडवं पडाय लागंल. त्येचा बी हिशेब धर की!" कॉस्टिंगचा पहिला धडा मला तेथे, गल्ल्यापाशी मिळाला.

मग एका सकाळी तवंदीचा घाट ओलांडून आम्ही सांबऱ्याला पोहोचलो. समोर उभे होते ते विमान पाहून आजीचा थोडा हिरमोडच झाला. "एवढंसंच?" ब्राझील देशातल्या एम्ब्रेअर कंपनीचे ते पन्नास आसनांचे जेट विमान. पेन्सिलीसारखे लांबट, इंजिने पंखांखाली नव्हेत, तर शेपटीजवळ. चढायला दारातच मुडपणारी लहानशी शिडी. आत गेल्यावर मधून वाट, उजव्या हाताला दोन-दोन आसने आणि डाव्या हाताला मात्र एकच. आजीला त्या एकट्या आसनावर बसवले. तिच्या एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला वाट. तिने पाय जरा वाटेकडे वळवून पाहिला, दोन्ही हात दोन्ही दांड्यांवर ऐसपैस टाकले आणि म्हणाली, "हितं बरं हाय बघ. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

या विमानाला उणिवा नाहीत असे मुळीच नाही. छताची उंची सहा फुटांच्या आसपास, त्यामुळे उंच गृहस्थांना वाटेतून नमस्कार करतच जावे लागते. डोक्यावरचा कप्पा इतका लहान की चाकांची पेटी आत नेता येत नाही. ती दाराशीच सोपवावी लागते. मागच्या रांगांत इंजिनाचा आवाज चांगलाच येतो. पण आजीच्या लेखी या सर्वांवर एका दांडीची मात झाली होती. ती दांडी तिला कोणाशी वाटून घ्यावी लागली नव्हती.

महिन्याभराने परतताना आम्हांला हव्या त्या दिवशी बेळगावचे विमान नव्हते. म्हणून मोठ्या विमानाने गोव्याला आलो आणि तेथून गाडीने आंबोली, आजरा करीत घरी. त्या विमानात वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन आसने. ताज्या गुडघ्यामुळे आजीला कडेला बसवले, खिडकीशी एक अनोळखी सद्गृहस्थ आणि मध्ये मी. प्रवास जेमतेम तासाभराचा. परंतु तेवढ्यात ते सद्गृहस्थ दोनदा उठले. दोन्ही वेळा आधी आजी उठली, मग मी उठलो, मग ते गेले; आणि ते परत येईपर्यंत आजी समोरच्या पाठीला धरून उभीच. माझी कोपरे सबंध प्रवासभर पोटाशी. उतरल्यावर आजीने निकाल दिला, "मांडीला मांडी लावून बसायचं, आनि वळख ना पाळख!"

आता सांगायचा मुद्दा. प्रवाशाचे सुख ही काही अगदी गूढ गोष्ट नाही. तिचा बराचसा भाग फूटपट्टीने मोजता येतो. बोइंग ७३७ची आतली रुंदी ३.५४ मीटर, एअरबस ३२०ची ३.७०. दोन्हींत एका रांगेत सहा जण बसतात. पहिल्यात आसन साधारण १७ इंचांचे, दुसऱ्यात १८. इंचाचा फरक तो काय, असे वाटेल. पण शिंप्याला विचारा, इंच म्हणजे काय ते तो सांगेल. एकशेऐंशी आसनांच्या अशा विमानात साठ माणसे मधल्या आसनावर असतात, म्हणजे दर तिघांतला एक. याउलट एम्ब्रेअरच्या ई-१७५ या थोड्या मोठ्या जेटमध्ये आतली रुंदी २.७४ मीटरच आहे, पण बसतात दोन-दोन. आसन सव्वाअठरा इंचांच्या आसपास आणि मधले आसन हा प्रकारच नाही. म्हणजे विमान अरुंद आणि माणूस मोकळा, असा हा उलटा न्याय.

मात्र सुखाचे दोन मालक असतात. रुंदी, खिडकी, रांगेतली रचना हे विमान बांधणारा ठरवतो. पुढच्या आसनापासूनचे अंतर, पाठ किती मागे जाईल, खायला काय मिळेल हे विमान चालवणारी कंपनी ठरवते. उत्तम विमानातही रांगा चिकटवून गुडघ्यांचे हाल करता येतात. ई-१७५मध्ये ८८पर्यंत आसने बसवता येतात; आपल्याकडे स्टार एअर या कंपनीने त्यात ७६च बसवली आहेत, त्यांतली १२ वरच्या वर्गाची. हा नुसता दिलदारपणा आहे असे कोणी समजू नये. विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८०पेक्षा कमी आसनांच्या देशी विमानांना उतरण्याचे शुल्क माफ करण्याची सवलत सरकारने पूर्वीच दिली होती. आसनांचा आकडा ८०च्या आत राहणे यात सोय आहे आणि हिशेबही.

हा हिशेब समजून घ्यायचा तर आपल्या वडापकडे पाहावे. निपाणीहून चिकोडीला जाणारी वडापची जीप माणसे भरल्याशिवाय हलत नाही. विमानाला ही चैन नाही. ते वेळेवर सुटायलाच हवे, आणि एकदा सुटले की रिकामे आसन दुसऱ्या दिवशी विकता येत नाही. ते शिळ्या भाजीसारखे त्याच क्षणी वाया गेले. समजा, एखाद्या गावाहून रोज साठ माणसे मुंबईला जाणारी आहेत. तेथे १८० आसनांचे विमान लावले तर तीन आसनांमागे एक भरेल. ७६ आसनांचे लावले तर शंभरातली जवळजवळ ७९ भरतील. मोठ्या विमानात दर आसनामागे खर्च कमी पडतो हे खरे. लहान विमानात सबंध फेरीचा खर्च कमी पडतो. गिऱ्हाईक भरपूर असेल तर पहिला हिशेब जिंकतो, गिऱ्हाईक बेताचे असेल तर दुसरा. वडील दुकानात हेच करतात. तेलाचे पिंप भरलेले ठेवतात आणि केशराची डबी एकच.

यातही आणखी एक पोटभेद आहे. बेळगाव-मुंबई अंतर सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या घरात. एवढ्यासाठी पंख्याचे एटीआर विमान इंधनात स्वस्त पडते आणि जेटपेक्षा वेळ फार जास्त घेत नाही. त्यातही दोन-दोनच आसने असतात. पण बेळगाव-अहमदाबाद सव्वाआठशे किलोमीटरच्या आसपास. तेथे लहान जेटचा वेग उपयोगी पडतो. मार्ग लांब आणि प्रवासी थोडे, ही जेथे अडचण, तेथेच या विमानाचा जन्म सार्थकी लागतो.

एवढे सगळे सोपे असते तर आपल्या देशात लहान विमानांच्या कंपन्या बुडाल्या नसत्या. लहान गावांसाठी १९८१ साली सरकारने 'वायुदूत' काढली. १९९३ साली ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. २००५ साली दक्षिणेत पॅरामाउंट एअरवेज याच एम्ब्रेअर जेटमध्ये सगळी आसने वरच्या वर्गाची करून उतरली. २०१०मध्ये तिची उड्डाणे थांबली. २०१३ साली विजयवाड्याची एअर कोस्टा तसलीच विमाने घेऊन आली. २०१७मध्ये तीही थांबली. यांच्या प्रवाशांना मधल्या आसनाचा जाच नव्हता. म्हणजे प्रवासी सुखात असला की कंपनी सुखात राहतेच असे नाही. विमानांचे भाडेपट्टे, इंधन आणि देणेकरी यांना आसनाच्या रुंदीशी कर्तव्य नसते.

आमच्या बेळगावनेही हा अनुभव घेतला आहे. २०१८ साली स्पाइसजेटने आपली विमाने बेळगावहून हुबळीला हलवली आणि नवी कोरी इमारत असूनही विमानतळ ओस पडल्यासारखा झाला. मग 'उडान' योजना मदतीला आली. ही योजना २०१६ची; तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले. सुमारे निम्मी आसने ठरावीक दराने विकायची, तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला सुमारे अडीच हजार रुपये, आणि येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, अशी तिची मांडणी. २०१९च्या जानेवारीत तिसऱ्या फेरीत बेळगावला अनेक मार्ग मिळाले. त्याच महिन्यात कोल्हापूरकडच्या घोडावत उद्योगसमूहाची स्टार एअर पन्नास आसनांची जेट घेऊन आकाशात उतरली, आणि पुढे अहमदाबाद, मुंबई, इंदूर अशी नावे बेळगावच्या फलकावर दिसू लागली. आजीला जे एकटे आसन मिळाले, त्याच्यामागे एवढा इतिहास होता.

पण तीन वर्षे संपल्यावर काय? नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा २०२३चा अहवाल या बाबतीत डोळे उघडणारा आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नव्हते. सुरू झालेल्या ३७१पैकी तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी. आणि त्यानंतरही, मार्च २०२३ पर्यंत, स्वतःच्या पायांवर उभे राहिले होते फक्त ५४. बेळगावहून कडप्पा आणि म्हैसूरला जाणारी ट्रूजेट २०२२मध्ये बंदच पडली. आमच्या एका प्राध्यापकांनी हे आकडे वर्गात ऐकल्यावर एवढेच म्हटले, "अनुदान ही शिडी आहे, मजला नव्हे."

परदेशात याच प्रश्नाला नव्या विमानांनी उत्तर देण्याचा प्रयत्न चालला आहे. कॅनडाच्या बॉम्बार्डियर कंपनीने आखलेले आणि २०१८पासून एअरबसच्या छत्राखाली आलेले ए-२२० हे विमान २०१६ साली स्विस कंपनीकडे पहिल्यांदा रुजू झाले. त्यात एका बाजूला दोन व दुसऱ्या बाजूला तीन आसने असतात. आसन साडेअठरा इंचांच्या आसपास, आणि मधल्या आसनाला मुद्दाम अधिक रुंदी देऊन ते १९ इंचांचे केले आहे. मधल्या माणसाचीही कोणी दखल घेतली, हे वाचून मला भरून आले! एम्ब्रेअरची ई-२ ही नवी मालिका २०१८पासून नॉर्वेत उडू लागली. तिच्यातले सर्वांत मोठे विमान १४६ आसनांपर्यंतचे आहे, तरी दोन-दोनचीच रचना. बाल्टिक समुद्रकाठच्या लॅटव्हियाची लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११च्या जनगणनेतल्या बेळगाव जिल्ह्याच्या (सुमारे ४८ लाख) निम्मीसुद्धा नाही. पण तेथील एअरबाल्टिक कंपनी नुसत्या ए-२२० विमानांवर युरोपभर फिरते. अर्थात तेथेही गुलाबाला काटा आहेच. नव्या इंजिनांची आवाज आणि इंधन या दोन्हींत बचत असली, तरी त्यांच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची टंचाई एवढी झाली की काही विमानांना जमिनीवर बसून राहावे लागले.

मग आपल्या भागाचे माप कोणते? ऑक्टोबर २०२३मध्ये बेळगावहून दिल्लीला इंडिगोचे मोठे विमान सुरू झाले, त्याचा आनंद सर्वांनाच झाला. पण नकाशा पाहिला तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. कोल्हापूरला मार्च २०२४मध्ये नवी इमारत मिळाली. उत्तर गोव्यात मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीपासून चालू झाला. हुबळी आहेच. म्हणजे चिकोडी, निपाणी, गडहिंग्लज, खानापूर या टापूतला माणूस चार विमानतळांमध्ये वाटला गेला आहे. तिकीट काढताना तो विमानतळ कोणत्या राज्यात हे पाहत नाही. वेळ, भाडे आणि घरापासूनचे अंतर पाहतो. निपाणी कर्नाटकात, पण तिला जवळचा विमानतळ महाराष्ट्रातला. कंपनी कोल्हापूरकडची, पण तिचा कारभार बेंगळूरहून आणि तिची जेट बेळगावला. प्रवासी असे विभागले गेल्यावर प्रत्येक ठिकाणी रोज एकशेऐंशी माणसे कोठून आणायची? येथे लहान विमानच मापाचे, आणि ते रोज यावे असे.

आपण सीमाभागातली माणसे तशी जन्मतःच मधल्या आसनावरची. एका दांडीवर एकाचे कोपर, दुसऱ्या दांडीवर दुसऱ्याचे. डिसेंबर २०२२मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५मध्ये दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर अडकल्या, तेव्हा दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना याची आठवण झाली. पण मधल्या माणसाला एक फायदाही असतो: त्याला दोन्ही शेजाऱ्यांशी बोलता येते. याच अंकाच्या कानडी विभागात लिहिणारा माझा मित्र बसमध्ये चढला की म्हणतो, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," मी म्हणतो, "जरा सरका की," आणि दोन्ही वाक्यांनी सारखीच जागा होते. बेळगावला विमान हवे, म्हणून मागणी करताना मराठी व्यापारी आणि कानडी व्यापारी यांना एकाच अर्जावर सही करता येईल. कोल्हापूर आणि बेळगाव यांनी एकमेकांचे प्रवासी ओढण्यापेक्षा दिवस आणि वेळा वाटून घेतल्या, तर आमच्यासारख्या मधल्या गावाला आठवड्याचा प्रत्येक दिवस मिळेल. आमच्या शाखेच्या मुलांनी निदान एवढे करावे: आपापल्या गावातून महिन्याला किती माणसे मुंबईला, बेंगळूरला, अहमदाबादला जातात, कशाने जातात आणि का जातात, याची मोजणी करावी. विमान कंपनीपुढे भाषणापेक्षा असल्या वहीचे वजन अधिक पडेल.

हे मी घरी बोलून दाखवले तेव्हा वडिलांनी एकच शंका काढली. मधले आसन नसलेले विमान आठवड्यातून तीनदा आणि मधले आसन असलेले रोज, अशी निवड असली तर तू काय घेशील? मी उत्तर जुळवत होतो, तोवर आजीच बोलली. तिच्या डाव्या गुडघ्याचे काम अजून बाकी आहे; डॉक्टरांनी दिवाळीनंतर या म्हणून सांगितले आहे. तारीख ते देतील ती, आपल्याला निवडता येणार नाही. ती म्हणाली, "आसन मिळंल तसलं मिळू दे. आमाला बोलवतील त्या दिशी इमान हाय का, तेवढं बघ."

मी रोज सकाळी वेळापत्रक पाहतो आहे.